आठ नंबरची परवानगी

कोपरखैरण्यातल्या त्या ओळीत रो हाऊस आठ. त्यातल्या शेवटच्या दोन घरांना लाइटचं बिल तीस वर्षं कधी बरोबर नावाचं आलं नाही. सात नंबरात सिताराम तांबे राहायचे आणि तिथलं बिल यायचं नंदकुमार परबांच्या नावाचं. आठ नंबरात, म्हणजे कोपऱ्यावर, परब राहायचे आणि तिथलं बिल तांब्यांच्या नावाचं. बिल वाटणारा माणूस नाव वाचून त्या त्या माणसाच्या घरात टाकायचा, त्यामुळे दर महिन्याला दोघं कुंपणाशी यायचे, बिलं बदलून घ्यायचे, आणि बिलं राहायची हातात, गप्पाच रंगायच्या. तांब्यांचा सौरभ आणि परबांचा निखिल हे बघतच मोठे झाले. इतरांच्या घरी असं नसतं, हे सौरभला म्हणे कॉलेजात गेल्यावर कळलं.

भानगड काही नव्हती. तीसेक वर्षांपूर्वी दोघंही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एकाच रंगाच्या कारखान्यात होते. सिताराम फिटर, परब स्टोअरला. दोघांनी सिडकोच्या घरांसाठी अर्ज केले आणि दोघांना शेजारी शेजारी घरं लागली, तांब्यांना आठ, परबांना सात. ताबा घ्यायच्या दिवशी परबांच्या आई मालवणाकडून मुद्दाम आल्या. त्यांनी सात नंबरच्या पायरीवर उभं राहून वळून पाहिलं, तर समोरचा रस्ता सरळ येऊन दारावरच संपत होता. असा रस्ता अंगावर घेणाऱ्या घरात माणूस टिकत नाही, आपण उंबरा ओलांडणार नाही, असं म्हणून म्हातारीने पायरीवरच बसकण मारली. परबांचा चेहरा पार उतरला. शेजारी सिताराम आपल्या घराचं कुलूप उघडत होते. ते हसून म्हणाले, "आई, तुमी माझं घर घ्या. आमाला रस्ता लागत नाय की दिशा लागत नाय. बाबासाहेबांनी आमाला त्यातनं कधीच सोडवलंय."

बोलून तर गेले, आणि बोलताना त्यांना फार बरं वाटलं. दापोलीकडच्या त्यांच्या गावात अशाच एखाद्या घराच्या अंगणाबाहेर त्यांचे आजोबा ताटकळत उभे राहत. आज तशाच घरातली म्हातारी त्यांच्याकडून घर घेत होती आणि वर त्यांच्या डोक्यावर हात ठेवत होती. सिताराम त्या दिवशी चालताना जमिनीवर नव्हते. आठ नंबरला बाजूने चांगली मोकळी जागा आहे आणि सातला नाही, याचा त्यांनी विचारही केला नाही. कागद काय, नंतर बदलू, असं ठरलं. मग दिवाळीनंतर बदलू, मग मुलांच्या परीक्षा झाल्यावर बदलू, असं करता करता परबांच्या आई गेल्या, दोघं रिटायर झाले आणि कागद आहेत तसेच राहिले.

त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही. अडलं ते वेणूबाईंना झटका आला तेव्हा.

वेणूबाई म्हणजे सितारामांची बायको. वाशीच्या हॉस्पिटलातून त्या घरी आल्या त्या डावा पाय ओढत, वॉकर धरून. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं गेलं, आता हळूहळू चालायचं. चालायला त्या तयार होत्या. पण सात नंबरची संडास-बाथरूम जिन्याखाली, एका अंगाला परबांची भिंत, दुसऱ्या अंगाला जिना, आणि दार असं अरुंद की वॉकर आत जायचाच नाही. वॉकर बाहेर ठेवायचा, मग सितारामांनी नाहीतर सून दीक्षाने त्यांना दोन्ही काखांत धरून आत न्यायचं आणि धरूनच उभं राहायचं. माणूस धरून उभा म्हटल्यावर दार लागणार कसं? ते उघडंच राहायचं. समोर हॉल, हॉलमध्ये सौरभ, कधी कुणी पाहुणा. आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई ती. तोंडाने काही बोलली नाही, फक्त पाणी प्यायची बंद झाली. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो, हे दीक्षाच्या लक्षात आलं. तिने विचारलं तर वेणूबाई म्हणाल्या, "पानी प्यालं की जावं लागतं."

त्या रात्री दीक्षा जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, आईंना खाली मोठं बाथरूम पाहिजे. वॉकरसकट आत जाता येईल आणि आतून कडी लावता येईल असं."

सितारामांनाही ते हवंच होतं. त्यांनी ओळखीच्या शिवराम मिस्त्रीला बोलावलं. शिवरामने घराच्या मागची मोकळी पट्टी पाहिली, भिंतीवर हात आपटला आणि म्हणाला, "काका, टेन्शन कायको? शनवारी सकाळी सुरू, रविवारी रात्री स्लॅब. सोमवारी ऑफिसं उघडतील तवा आतमधे टाइल बसत असेल."

"आणि परवानगी?"

"ओळीत कुनी घेतली हाय का?"

ते खरंच होतं. पण याच ओळीत तीन नंबरच्या देवजीने मागे अशीच खोली काढली होती आणि नोटीस आल्यावर महापालिकेच्या माणसांनी एका दुपारी ती पाडली. सितारामांनी ते पाहिलं होतं. देवजी हातात किटली घेऊन उभा होता, पाडणाऱ्यांना चहा द्यावा की देऊ नये हे न कळून. ती तुटकी भिंत अजून तशीच आहे.

"पाडलं तर आईंना परत त्या जिन्याखाली न्यायचं का?" दीक्षा म्हणाली. "एकदाच करू, पण रीतसर करू."

ती वाशीला एका ऑफिसात नोकरीला, तिची कॉलेजची मैत्रीण उन्नती आर्किटेक्ट. रविवारी उन्नती आली, मागची पट्टी मोजली, जिन्याखाली डोकावली, आणि वेणूबाईंच्या पलंगाशी बसून त्या वॉकर कसा वळवतात ते पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, मागची जागा मोकळी सोडायलाच लागते. तिथे परवानगी मिळणार नाही. जिन्याखाली वाढवायचं तर जिना तरी तोडा, नाहीतर शेजारची भिंत. ड्रेनेजची लाइन मागे, म्हणून हॉलमध्येही काढता येत नाही. कागद बघू?"

सितारामांनी कागद दिले. उन्नतीने पहिलं पान पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. मग चेहरा एकदम खुलला. "अहो, तुमचं घर सात नाहीच. आठ आहे. कोपऱ्याचं. त्याला बाजूला भरपूर जागा आहे, नियम सांभाळून एक खोलीसुद्धा निघेल. आठचा अर्ज केलात तर काहीच अडचण नाही."

सौरभने आठ नंबरच्या भिंतीकडे पाहिलं. त्या घरापलीकडच्या मोकळ्या जागेत परबांचं लिंबाचं झाड, जास्वंद, कढीपत्ता, अरुणाबाईंची तुळस.

"ते परबांचं," सिताराम म्हणाले.

"कागदावर तुमचं आहे."

"कागदावर काय असंल ते असू दे. मी शब्द दिलाय."

मग उन्नतीने कागद बदलण्याचं सांगून पाहिलं. दोन्ही घरांची अदलाबदल रीतसर नोंदवता येईल, सिडकोची मंजुरी लागेल, वेळ जाईल. पण ते होऊनही सात नंबरला बाथरूम निघणार नाही ते नाहीच. जागा होती ती आठला. परवानगी मिळाली असती ती आठला. आणि राहत होते ते सातला.

उन्नती गेल्यावर सौरभ बापाशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. शब्द कुणाला दिलेला, तर जी म्हातारी केव्हाच गेली तिला. आणि कशासाठी, तर रस्ता दारावर येतो म्हणून. "आपण तीस वर्षं राहिलो ना इथे? काय झालं आपल्याला? मला नोकरी लागली, ताईचं लग्न झालं. मग ते घर वाईट कसं?"

"प्रश्न वाईट-चांगल्याचा नाय," सिताराम म्हणाले. "दिलेलं मागायचं नसतं. लोक काय बोलतील, तांब्याने दिलं आणि भाव वाढल्यावर परत मागितलं."

"लोक नव्हं," पलंगावरून वेणूबाई म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांचा उच्चार जरा जड झाला होता, त्यामुळे सगळे गप्प होऊन ऐकायचे. "परब काय बोलतील, ते सांगा."

सिताराम कागदांची घडी घालू लागले.

"ज्या दिवशी तुमी घर दिलं, त्या दिवशी मी सकाळीच यून बघून गेलेले. बाजूला अबोली लावायची म्हणून ठरवलं व्हतं. गावावरनं रोपं पन आनलेली, डब्यात. संध्याकाळी तुमी घरी आलाव आनि सांगितलंव, दिलं. मला इचारलं नाय."

"वेणू, तू तेव्हा काही बोलली नाहीस."

"तुमी इतकं खूश व्हताव. काय बोलायचं? तवा इचारलं नाय. आता तरी इचारा."

सितारामांना ही गोष्ट तीस वर्षांत एकदाही सुचली नव्हती. आपण मोठ्या मनाने काहीतरी दिलं, असं ते किती जणांना सांगत आले होते. कारखान्यात, वस्तीतल्या बुद्धविहारात, एकदा तर जयंतीच्या कार्यक्रमात माइकवरून. आणि दिलं ते अर्धं वेणूचं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोकडे मान वर करून पाहणं जमेना.

"काय पाहिजे तुला?" त्यांनी विचारलं.

"दार लागंल अशी न्हानी."

संध्याकाळी ते आठ नंबरात गेले. परब टीव्हीवर बातम्या पाहत होते, अरुणाबाईंनी नेहमीसारखा न विचारता चहा टाकला. सितारामांनी चहा संपवला, क्रिकेटवर बोलले, पाण्याच्या प्रेशरवर बोलले, आणि उठायच्या वेळी एका दमात सगळं सांगून टाकलं. बोलताना ते दाराच्या फटीतून दिसणाऱ्या लिंबाच्या झाडाकडे पाहत होते.

परबांनी टीव्ही बंद केला. "म्हणजे आम्ही सातमध्ये जायचं?"

"तुमचंच घर हाय ते, परब."

"आईने पाय ठेवला नव्हता तिथे."

"ठाऊक हाय."

"बघतो," परब म्हणाले, आणि टीव्ही पुन्हा लावला.

पुढच्या दिवसांत परब कुंपणाशी आले नाहीत. निखिलचा पुण्याहून सौरभला फोन आला. एवढी वर्षं राहतोय म्हटल्यावर घर कुणाचं हे वकिलाला विचारावं लागेल, असं काहीतरी तो बोलला, मग स्वतःच ओशाळून काकू कशा आहेत ते विचारू लागला. महिना भरला, बिलं आली. परबांकडचं बिल फाटकाच्या कडीत खोचून ठेवलेलं होतं. सितारामांनी ते काढून घेतलं आणि स्वतःकडचं परबांच्या फाटकाला खोचलं. इतक्या वर्षांत बिलासाठी त्यांना इतकी थोडी पावलं कधी चालावी लागली नव्हती, आणि इतका शीणही कधी झाला नव्हता. शिवराम मिस्त्री दोनदा येऊन विचारून गेला, शनिवार-रविवार काढायचा का. दुसऱ्या खेपेला सिताराम "काढ" म्हणायच्या अगदी बेतात होते. दीक्षाने नुसतं तीन नंबरच्या तुटक्या भिंतीकडे बोट दाखवलं.

एक दिवस सकाळी अरुणाबाई कढीपत्ता घेऊन आल्या. बोलणं बंद असलं तरी कढीपत्ता बंद झाला नव्हता, तो त्या रोज खिडकीत ठेवून जायच्या. आज खिडकी लावलेली होती म्हणून त्या दार ढकलून आत आल्या. दीक्षा ऑफिसला गेलेली. जिन्याखालच्या दारात वॉकर आडवा पडला होता, आणि आत सिताराम पाठमोरे, गुडघे टेकून, वेणूबाईंना दोन्ही हातांनी सावरत होते. वेणूबाईंचा पाय घसरला होता. अंगावर साडी नव्हती. वेणूबाईंनी अरुणाबाईंना पाहिलं आणि काहीच करता येत नव्हतं म्हणून डोळे मिटून घेतले.

अरुणाबाई क्षणभर थबकल्या. मग पलंगावरची चादर ओढून घेतली, पुढे झाल्या, ती वेणूबाईंच्या अंगावर टाकली आणि दुसऱ्या बाजूने त्यांना धरलं. दोघांनी मिळून त्यांना पलंगावर आणलं. अरुणाबाईंनी त्यांचे केस पुसले, साडी नेसवली, आणि त्या आठ नंबरात निघून गेल्या. कढीपत्ता जमिनीवरच राहिला.

संध्याकाळी परब दारात उभे. आत आले नाहीत.

"तांबे, कधी हलायचं?"

सिताराम उठून दारापर्यंत आले.

"अरुणा सामान बांधायलाच बसली आहे," परब म्हणाले. "मला म्हणाली, तुम्ही इथे जीव मुठीत धरून बसा, मी चालले." ते थोडं हसले. "खरं सांगू? मला अजून भीती वाटते. आईचं बोलणं डोक्यातून जात नाही. पण तुम्ही तीस वर्षं राहिलात आणि मी रोज तुमच्याकडे बसून चहा प्यायलो. आता कुठल्या तोंडाने म्हणू?"

"परब, मी मागायला नको होतं."

"मागायला नको कसं? मागायलाच हवं होतं. मी आपण होऊन द्यायला हवं होतं, आई गेल्यावर." आणि मग, जाता जाता, "तो कढीपत्ता मात्र तोडू नका."

त्या महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी होती. कपाटं, पलंग, गाद्या, डबे, मिक्सर, सगळं दहा पावलांच्या अंतरावर इकडचं तिकडे. सितारामांनी सर्वात आधी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो नेला. परबांनी सर्वात आधी सात नंबरच्या दारावर गणपतीची टाइल बसवली, रस्त्याकडे तोंड करून. निखिल पुण्याहून आला होता. तो आणि सौरभ फ्रिज उचलताना लहानपणासारखे भांडले. ओळीतले लोक गच्चीतून बघत होते. देवजीने येऊन विचारलं, "काय, भाडेकरू बदलले काय?"

दुपारी दमून सगळे पायरीवर बसले तेव्हा अरुणाबाई वेणूबाईंना हळूच म्हणाल्या, "रात्री समोरून गाडी आली की दिवे घरात येतात का हो?"

"येतात. पडदा लावायचा."

"बस?"

"जाड लावायचा."

अरुणाबाई बराच वेळ रस्त्याकडे पाहत बसल्या.

उन्नतीने आठ नंबरचा अर्ज केला. आता त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अर्जदार तांबे, घर तांब्यांचं, राहणारे तांबे. तरी नगररचना विभागातून एक-दोनदा नकाशा परत आला, एकदा बाजूचं अंतर कमी भरलं, एकदा जुना कुठलातरी दाखला लागला, सिडकोची ना हरकत आणायला दीक्षाने अर्धी रजा घालवली. सिताराम तिच्यासोबत बेलापूरला जायचे, रांगेत बसायचे, कुणी विचारलं तर सांगायचे, बाथरूमची परवानगी. लोक हसायचे. बाथरूमची कोण परवानगी काढतो? सिताराम म्हणायचे, मी काढतो.

परवानगी आली. शिवराम मिस्त्रीने आठवड्याच्या मधल्या दिवशी, भर दुपारी, परवानगीचा फलक कुंपणाला बांधून काम सुरू केलं, आणि त्याला ते जरा विचित्रच वाटत होतं. "काका, पयल्यांदाच दिवसा-उजेडी करतोय," तो म्हणाला. जास्वंद काढावी लागली, लिंबाची एक फांदी गेली. कढीपत्ता राहिला. त्याच्या बुंध्याशी सितारामांनी कुंडी फोडून अबोलीची चार रोपं लावली. नर्सरीतून आणलेली, गावची नव्हेत. वेणूबाईंनी ती पाहिली आणि पाणी थोडंच घाला म्हणून सांगितलं.

बाथरूम झालं. रुंद दार, आत भिंतीला धरायला दोन दांड्या, बसायला स्टूल, जमीन खडबडीत टाइलची. पहिल्या दिवशी सगळे हॉलमध्ये उगाच काहीतरी करत थांबले होते. दीक्षाने उशिरा ऑफिसला जायचं ठरवलं होतं. सौरभ मोबाइल बघत होता. वेणूबाई वॉकर ढकलत निघाल्या, दारापाशी थांबल्या, वॉकर वळवला आणि आत गेल्या. सिताराम सवयीने मागोमाग गेले, दोन्ही हात पुढे करून.

"तुमी कुठं?" वेणूबाई म्हणाल्या.

सिताराम उंबऱ्यावर थांबले. दार बंद झालं. आतून कडी सरकवायला वेणूबाईंना वेळ लागला, उजव्या हाताने वॉकर धरायचा होता आणि डावा अजून नीट वळत नव्हता. दोनदा कडी सुटली. सितारामांनी दाराला हात लावला नाही. तिसऱ्यांदा ती बसली.

आत नळ सुरू झाला. सिताराम तिथेच उभे होते.

"अवो," आतून आवाज आला, "दाराशी उभं राहू नका. जावा तिकडं. आनि यताना माझा पान्याचा तांब्या भरून ठेवा."